आधी भोक आहे का ते बघ

नांदेड

चि. सौ. अर्चनास,

दुसऱ्या बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आणि बेंबीजवळची गाठ यांसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन करावं की कातडी काढून पोट आवळणारं मोठं, असं तू विचारलंस. लातूरच्या दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले म्हणून तू गोंधळलीस. मला वाटतं, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, कारण तू एका प्रश्नात दोन दुखणी विचारली आहेस. बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि मधे त्यांना जोडणारी चिवट पांढरी पट्टी. गर्भ वाढतो तशी ही पट्टी ताणून पातळ होते, स्नायू लांब जातात. अंतर दोन सेंटीमीटरच्या वर गेलं की डॉक्टर त्याला डायस्टॅसिस म्हणतात. यात पट्टी ढिली पडते पण फाटत नाही, म्हणून आतडं अडकायची भीती नसते. हर्निया म्हणजे त्याच पट्टीला, बहुतेक वेळा बेंबीपाशी, पडलेलं भोक. ढिल्या पट्टीला घाई नसते, आणि भोक कितीही व्यायाम केला तरी बुजत नाही. तुझा सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे.

नॉर्वेतल्या 300 पहिलटकरणींची एक पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के जणींच्या स्नायूंत फट होती, वर्षभराने ती जेमतेम 33 टक्क्यांत उरली. जे शरीर आपणहून भरून काढतंय, त्यावर बाळंतपणानंतर सहाव्याच महिन्यात सुरी कशाला चालवायची? फिजिओथेरपिस्टकडून शिकलेल्या व्यायामाने फट पूर्ण मिटेलच असं नाही, पण पोटात जोर येतो. पोट बांधल्याने उभं राहताना आधार वाटतो, तेवढाच त्याचा उपयोग. ऑपरेशनची घाई नको, हे आपल्या भागात मुद्दाम सांगावं लागतं. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, आणि पाहणीत अशा बायका हजारोंनी निघाल्या. बाईच्या पोटावरचं ऑपरेशन आपल्याकडे फार लवकर ठरतं.

आता भोकाचं. तुझ्या सासूबाईंचं म्हणणं, भोक बुजवायला जाळी नको, परकी वस्तू अंगात कशाला, नुसते टाके घाला. आक्षेप अगदीच पोकळ नाही: जाळीला क्वचित जंतुसंसर्ग होतो आणि मग ती काढावीही लागते. पण नेदरलँड्स, जर्मनी आणि इटलीत 300 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. बेंबीचं भोक एक ते चार सेंटीमीटरचं असताना नुसते टाके घातलेल्यांपैकी 12 टक्क्यांत हर्निया दोन-अडीच वर्षांत परत आला, जाळी बसवलेल्यांपैकी 4 टक्क्यांत. ते रुग्ण काही सगळे बाळंतिणी नव्हते, हे खरं. तरी एक सेंटीमीटरच्या आतलं भोक असेल तर टाक्यांचा विचार करावा, त्याहून मोठं असेल तर जाळी घ्यावी, हाच मला शहाणपणाचा हिशेब वाटतो. उलट, नुसत्या फटीसाठी जाळीचा आग्रह कुणी धरला तर कारण विचार. स्वीडनच्या एका चाचणीत फटीसाठी टाके आणि जाळी यांचा वर्षभरानंतरचा निकाल जवळपास सारखाच आला होता.

खरी अडचण तुझ्यासारखीची, जिला दोन्ही असावीत. भोक तेवढं शिवलं आणि आजूबाजूची पट्टी ढिलीच राहिली, तर विरलेल्या लुगड्याला ठिगळ लावल्यासारखं होतं, आणि हर्निया परतण्याची शक्यता वाढते. म्हणून सोनोग्राफीत भोक किती आणि फट किती, दोन्ही मोजून घे. मग दुर्बिणीने स्नायू जवळ आणून त्यांच्या मागे जाळी पसरता येते, पण त्यासाठी हात बसलेला सर्जन लागतो. अशी किती केलीत, हे विचारायला लाजू नकोस. जादा कातडी मात्र दुर्बिणीने जात नाही. तिच्यासाठी कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेणारं मोठं ऑपरेशन लागतं. त्यात स्नायूही शिवून घेतात, पण जखम मोठी, पाणी साचण्याचा आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही जास्त. कातडी काढण्याचा खर्च सरकारी योजनेतून मिळेल असं धरून चालू नकोस. हर्नियाचं काय बसतं, कुठल्या रुग्णालयात, हे महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचार. लातूरची विलासराव देशमुख संस्था किंवा इकडे विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय, दोन्हीकडे सर्जरीची ओपीडी आहे.

तिसरं मूल हवं असेल तर थांब, पुढच्या गरोदरपणात शिवलेलं पुन्हा ताणलं जातं. नको असेल तरी बाळ अंगावरून सुटेपर्यंत आणि वर्ष भरेपर्यंत, गाठ दुखत नसेल तर, थांबण्यात तोटा नाही. ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही. 2016 मध्ये ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे घागर कोण भरणार आणि कडेवरचं पोर कोण सांभाळणार, हे जावईबापूंशी बोलून तारीख ठरव. उन्हाळा टाळ.

मात्र गाठ एकाएकी कडक झाली, आडवं पडूनही आत जाईना, दुखून लाल पडली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर यातलं काहीही वाचत बसू नकोस. रात्र असो की सण, त्याच तासाला सरकारी दवाखान्यात जा.

तुझी,
मावशी