संमतिपत्र

कचेरीत आमची ख्याती मसुदेकार म्हणून आहे. साहेबांच्या इंग्रजीला हिंदी आणि हिंदीला पुन्हा इंग्रजी वस्त्र नेसविण्याचे काम गेली दहा वर्षे आमच्याकडे आहे. जबलपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, त्यामुळे येथे मराठी घरे पुष्कळ. कोणाला अर्ज लिहावयाचा असो, कोणाला मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर हवा असो, मंडळी आमचेच दार ठोठावतात. परंतु मराठीचे मराठी करून देण्याचा प्रसंग आमच्यावर एकदाच आला, आणि त्यात आम्ही साफ नापास झालो.

नाना आमच्याच कचेरीत हिशेब तपासणीत होते. आमच्याहून वीस वर्षांनी वडील. एके दिवशी सही करताना कागद दाबून धरलेला त्यांचा डावा हात टेबलावरून आपोआप घसरला. पंधरवड्याने तोच हात चहाचा पेला धरीना. येथे एमआरआय झाले, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि मेंदूतील गाठ ग्लिओब्लास्टोमा जातीची निघाली. ही गाठ भोवतालच्या निरोगी भागात मुळांसारखी शिरते. म्हणून कितीही कुशल शल्यविशारद असला तरी ती पुरती उपटता येत नाही. उरल्यासुरल्या मुळांसाठी सहा आठवडे किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या, हा जगभरचा रिवाज.

टाके घेऊन नाना घरी आले तेव्हा काकूंच्या पिशवीत एक कागदांचा गठ्ठा होता. मुंबईच्या रुग्णालयात एक चाचणी चालू होती: निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांबरोबर आणखी एक औषध. भाग घेता का, विचार करून सांगा, असे डॉक्टरांनी म्हटले होते. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत असावे लागते, म्हणून तेही मराठीतच दिले होते. काकू म्हणाल्या, "हे मराठी मला मराठीतून सांग रे बाबा."

त्यांचे म्हणणे योग्य होते. ‘यादृच्छिकीकरण’ या शब्दाशी आम्हीच प्रथम अडखळलो. अखेर सांगितले, "काकू, चिठ्ठ्या टाकावयाच्या. कोणाला कोणता उपचार, हे डॉक्टर ठरविणार नाहीत, संगणक ठरवील." सरकारी क्वार्टरांच्या वाटपात असे अनेकदा पाहिले असल्याने आम्हांस त्यात विशेष वाटले नाही. काकूंना वाटले. त्या म्हणाल्या, "नवे औषध चांगले आहे हे ठाऊक असेल, तर सगळ्यांना का देत नाहीत? आणि ठाऊक नसेल, तर ह्यांना का देता?"

या प्रश्नाला आमच्या टिप्पण्यांच्या भाषेत उत्तर नव्हते. आम्ही दोन रात्री वाचन केले. ज्या टेमोझोलोमाइडला आज नेहमीचे औषध म्हणतात, तेही २००५ साली अशाच चिठ्ठ्यांतून वर आले. त्या चाचणीत ५७३ रुग्ण होते. नुसते किरणोपचार मिळालेल्यांचे मध्यगत आयुष्य १२.१ महिने भरले, गोळ्यांसह १४.६. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातले शेकडा १०.४ हयात होते, दुसऱ्यातले २६.५. उलट बेव्हॅसिझुमॅबचे पाहावे. गाठीला रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारे हे औषध. याने गाठ पुन्हा वाढावयास उशीर लागे, एमआरआय पाहून आप्तांना हुरूप येई. २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले. त्यांपैकी एकीत ९२१ रुग्ण होते: औषध मिळालेल्यांचे मध्यगत आयुष्य १६.८ महिने, न मिळालेल्यांचे १६.७. चिठ्ठ्या टाकल्या नसत्या, तर हे महाग औषध आजही प्रत्येक घराने कर्ज काढून घेतले असते.

आपल्या मुंबईचेही एक उदाहरण सापडले. टाटा स्मारक रुग्णालयात २००१ ते २०१२ या अकरा वर्षांत मेंदूच्या सौम्य वा मंद वाढणाऱ्या गाठींचे दोनशे रुग्ण, तीन ते पंचवीस वर्षे वयाचे, अशाच एका चाचणीत घेतले गेले. गाठीच्या आकाराबरहुकूम काटेकोर किरण द्यावेत की जुन्या पद्धतीचे, एवढाच प्रश्न. डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली निकाल प्रसिद्ध केला. गाठ आवरण्यात दोन्ही पद्धती सारख्या. परंतु काटेकोर किरण मिळालेल्यांची बुद्धी पाच वर्षांनी अधिक शाबूत होती, आणि अंतःस्रावी ग्रंथींचे नवे बिघाड शेकडा ५१ ऐवजी ३१ जणांत झाले. ज्यांच्या नावाची चिठ्ठी जुन्या पद्धतीची निघाली त्या मुलांच्या आईबापांचा विचार आमच्या मनातून बराच वेळ गेला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही गठ्ठा घेऊन बसलो. ‘कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येईल’ हे कलम वाचून काकूंना धीर आला. (कारण न देता काही करता येते, हे नोकरीत आम्हांस प्रथमच कळले.) पुढे वाक्य होते: ‘या अभ्यासात सहभागी झाल्याने आपणांस प्रत्यक्ष लाभ होईलच असे नाही.’ काकूंचे डोळे आमच्या तोंडाकडे लागले होते. आम्ही वाचले, "लाभ होऊ शकतो."

आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले नाना म्हणाले, "मूळ नोंद बदलू नकोस. जसे आहे तसे वाच."

आम्ही पुन्हा वाचले. काकू काही बोलल्या नाहीत. उठून देवघरातला दिवा सारखा करून आल्या. मग नानांनी हिशेब मांडला. किरण येथेही मिळाले असते, घरच्या अंथरुणावर निजता आले असते. चाचणी म्हणजे हजार किलोमीटरवर सहा आठवडे, डोंबिवलीला मेहुणीच्या दोन खोल्यांत. पुढेही तपासणीला येरझारा. "तीस वर्षे दुसऱ्यांचे आकडे तपासले," ते म्हणाले, "आता आमचाही एक आकडा कोणाच्या तरी तक्त्यात जाऊ दे." उजव्या हाताने त्यांनी सही केली. कागद आम्ही दाबून धरला.

चिठ्ठी निघाली ती नेहमीच्या उपचारांची. कचेरीतील मंडळी बदलीच्या यादीत नाव न आल्यासारखी हळहळली, आणि एकदोघांनी तर वशिल्याचीही चौकशी केली. त्या गटावाचून दुसऱ्याची तुलना कशाशी करणार, हे आम्ही सांगून पाहिले. चहा निवेपर्यंत कोणी ऐकून घेतले नाही. नाना सतरा महिने जगले. त्यांतले अकरा बरे गेले. एका संक्रांतीला ते ग्वारीघाटाच्या पायऱ्या आमच्या खांद्यावर हात ठेवून उतरलेही.

या देशातल्या चाचण्यांची नोंदवही २००७ पासून सर्वांना पाहावयास खुली आहे. २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे झाले. नानांच्या चाचणीचा क्रमांक संमतिपत्रावर होता. काकूंनी तो पंचांगाच्या मलपृष्ठावर उतरून ठेवला आहे. गुरुवारी दत्तमंदिरात भेटल्या की महिन्यातून एकदा तरी विचारतात, "ह्यांच्या परीक्षेचा निकाल लागला का रे?" आम्ही मोबाइलवर ती नोंद उघडून दाखवितो. मागल्या गुरुवारीही तेथे रुग्णभरती चालू असल्याचेच लिहिले होते.

"म्हणजे अजून लोक येताहेत," काकू म्हणाल्या, आणि पिशवी आमच्या हाती देऊन प्रदक्षिणेला गेल्या.