पांढरी पाचच्या जरा वर

वीज गाते. आपल्याकडे तिचा सूर सेकंदाला 50 आवर्तनांचा, म्हणजे पेटीवर ताडून पाहिला तर खर्जातल्या पांढरी पाचच्या जरासा वर. सावेडीतल्या बंगल्याच्या मागच्या खोलीतला छोटा स्टुडिओ असो नाहीतर श्रीरामपूरच्या बाजारातला गाळा, कीबोर्डची पिन कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये खुपसली की कलावंत घसा साफ करायच्या आत हा सूर लागलेला असतो. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर तो तिच्या षड्जाच्या किंचित खाली घुटमळतो. धड मिळत नाही, धड बाजूलाही होत नाही. पार बेसूर माणूस एकवेळ चालतो, असा सुराजवळ रेंगाळणारा सोसवत नाही.

हे घुमणं येतं कुठून? कीबोर्ड एका बोर्डावर, कॉम्प्युटर दुसऱ्या. दोघांचं अर्थिंग आपापल्या वाटेनं जमिनीकडे गेलेलं. त्यांच्यात आपण वायर जोडतो आणि तिच्या जाळीतून तिसरी वाट उघडते. फेरा पुरा होतो, त्यात वीज फिरत राहते आणि स्पीकरमधून आपली हजेरी लावते. यावरचा गावठी इलाज सगळ्यांना ठाऊक आहे: प्लगची वरची जाड पिन कापून टाकायची. घुमणं जातं. ओल्या मंडपात, जनरेटरवर, एखाद्या दिवशी माणूसही जातो. तरी हा इलाज लोक अजून एकमेकांना मोठ्या आपुलकीनं सांगतात.

सभ्य इलाज म्हणजे ऑप्टिकल वायर. 1983 मध्ये तोशिबानं ती सीडी प्लेयरसाठी आणली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. हातात घेतली तर खेळण्यातली वाटावी इतकी हलकी. आत तांबं औषधालाही नाही, फक्त साधारण 1 मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू. टोकांवरची इवली टोपणं आधी काढावी लागतात. ती तशीच ठेवून आवाज का येत नाही म्हणून अर्धा तास हैराण झालेले लोक कमी नाहीत. कीबोर्ड चालू करून वायरचं दुसरं टोक तळहाताकडे धरलं की कुंकवाएवढा लाल ठिपका उमटतो. तेच गाणं. सुरांचे आकडे झाले, आकड्यांची उघडझाप झाली, आणि ती इतकी वेगवान की डोळ्याला नुसता स्थिर उजेड दिसतो.

हा उजेड तंतूच्या भिंतीवर आपटून आतल्या आत वळत जातो. 1841 मध्ये जिनिव्हाच्या कोलाडॉन यांनी हे पाण्याच्या धारेत दाखवलं होतं: टाकीतून धार वाकून खाली पडत होती आणि प्रकाशही तिच्याबरोबर वाकत होता. पुढे काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेण्याचं काम लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासोबत ज्यांनी केलं, ते नरिंदरसिंग कपानी मूळचे पंजाबातल्या मोगाचे. त्यांचा तो निबंध 1954 चा.

गंमत अशी की उजेडाची युक्ती आपल्या कीबोर्डांच्या पोटात आधीपासूनच होती. मिडीचं पाच पिनांचं सॉकेटही 1983 चंच. त्याच्या इनपुटमागे एक चिमुकला दिवा आणि त्याच्याकडे टक लावून बसलेला एक प्रकाशग्राही बसवलेला असतो. निरोप दिव्याकरवी पलीकडे जातो, वीज अलीकडेच थांबते. फक्त मिडीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी किती जोरात दाबली, अशी माहितीच जाते.

आता अडचणी. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजणाऱ्या बहुतेक कीबोर्डांना ऑप्टिकलचं भोकच नसतं. कॉर्गच्या क्रोनॉससारख्या वजनदार वाद्याला ते आहे, पण ते सेकंदाला 48,000 नमुने पाठवणार म्हणजे पाठवणारच. इंटरफेस 44,100 वर ठेवला तर गाण्यात फुटाणे फुटतात. त्यातून एकाच आकाराच्या सॉकेटात दोन बोल्या चालतात: एक दोन ट्रॅकची एसपीडिफ, दुसरी अलेसिसची आठ ट्रॅकची एडॅट. पिन चपखल बसते आणि तरी दोघं एकमेकांना ओळख देत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन बोली जुळवावी लागते, आणि क्लॉक कुणाचं चालणार तेही ठरवावं लागतं. कीबोर्डचं चालायचं असेल तर इंटरफेसनं स्वतःचं घड्याळ बाजूला ठेवून ऑप्टिकलकडून येणारा ठोका घ्यायचा. दोघांनी आपापला हट्ट धरला की टकटक सुरू. संगमनेरच्या तमाशातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. फडात लय एकाचीच, ढोलकीवाल्याची. बाकी सगळे त्याच्या हाताकडे बघतात.

हे सगळं जमलं की कीबोर्ड असा स्वच्छ येतो की दचकायला होतं. आणि मला तिथेच थोडं खटकतं. ऑप्टिकलनं आलेल्या कीबोर्डला गाव नसतं. तो नेवाशात वाजवला की न्यूयॉर्कमध्ये, ऐकून सांगता येणार नाही. शेजारी ढोलकी मात्र माईकपुढेच वाजणार. तिच्या पानाला पावसाळ्यात ओल धरते, ते उतरतं, बोटाखालची शाई घासते, आणि माईक पंख्यापासून रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत सगळं आत घेतो. मग मिक्सिंगला बसलेला पोरगा एवढ्या कष्टानं साफ आणलेल्या कीबोर्डवर मुद्दाम थोडी घुमारी चढवतो, ढोलकीच्या खोलीशी मिळती, नाहीतर दोघं एका गाण्यात बसत नाहीत.