पालैचं घर

तमिळमधला ‘पालै’ हा शब्द मराठीत आणताना गेली दोन वर्षं मी अडखळते आहे. ‘वाळवंट’ म्हणावं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे जैसलमेर येतं. ‘माळरान’ म्हणावं तर त्यात गवत आणि मेंढरं येतात. संगमकाव्यात भूमीचे पाच प्रकार मानले आहेत आणि प्रत्येकाला एका वनस्पतीचं नाव आहे. डोंगर म्हणजे कुरिंजि, आपल्या कारवीची बहीण. रान म्हणजे मुल्लै, जुईच्या जातीची वेल. भातखाचरं म्हणजे मरुदम्, अर्जुनसादडा. समुद्रकाठ म्हणजे नेय्दल, पाण्यातलं कुमुद. आणि पाचवी पालै. झाडांवरून नावं ठेवणं आपल्यालाही नवं नाही. पिंपळगाव, बोरगाव, चिंचवड आपल्याकडे पावलोपावली भेटतात. तमिळ कवींनी मात्र त्याच नावात मनाची अवस्थाही बांधून टाकली. पालै म्हणजे भर उन्हाळा, टळटळीत दुपार, वाटेवर निघालेला माणूस आणि मागे राहिलेल्याचा विरह.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की पालैला स्वतःची जमीन नाही. ‘तोल्काप्पियम्’ बाकी चौघींना भूमी देतं, हिला देत नाही. ‘शिलप्पदिकारम्’मध्ये तर सांगूनच टाकलं आहे, की रान आणि डोंगर उन्हाने आपला स्वभाव गमावून बसले की त्यांनाच पालैचं रूप येतं. म्हणजे ओसाडपण कुठल्याही भूमीवर येऊ शकतं, आणि जाऊही शकतं.

हे सारं माझ्यापुरतं कागदावरच राहिलं असतं. पण आम्हाला ओरत्तनाडूला घर बांधायचं होतं.

माझं सासर तंजावरी मराठी. ओरत्तनाडू तंजावरच्या दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर. बाहेरच्याला वाटतं, तंजावर जिल्हा म्हणजे जिकडेतिकडे कावेरीचं पाणी आणि भात. पण हा भाग जुन्या त्रिभुज प्रदेशाच्या काठावरचा. मेट्टूरचं धरण 1934 साली पुरं झालं, कल्लणैपासून नवा कालवा इकडे आला, आणि मग इथली कोरडवाहू जमीन भाताखाली आली. मेट्टूरचे दरवाजे उघडायची ठरलेली तारीख 12 जून. पाणी कमी असलं की ती पुढे जाते आणि सगळा तालुका आभाळाकडे आणि कर्नाटकाकडे आळीपाळीने बघत बसतो.

16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ आलं. ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै, पेरावूरणी या पट्ट्यातल्या नारळबागा आडव्या झाल्या. आमच्या परसातले तीन-चार सोडून सगळे माड पडले. त्यातला एक जुन्या घराच्या आढ्यावर. बांधावरचे सातही ताड मात्र उभे होते. सासूबाई तेव्हा चेन्नईत धाकट्या दिरांकडे होत्या. दीर पुढे सिंगापूरला गेले, आणि शहाहत्तराव्या वर्षी सासूबाईंनी जाहीर केलं, की आता मी गावीच राहणार. एकटी.

आमचे वास्तुकार तिशीतले, हुशार. पाण्याचं गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोअर किती खोल गेली आहे हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. त्यांनी आणलेल्या पहिल्या आराखड्यावर ‘डेझर्ट होम’ असं लिहिलेलं होतं. सपाट छप्पर, पांढऱ्या भिंती, पश्चिमेला भलीमोठी काच, पुढे खडी आणि खडीत निवडुंग आणि घायपात. दिसायला देखणं होतं. त्यांचा विचारही बरोबर होता, की ज्या घराला पाणी मिळेलच याची खात्री नाही, त्याने कमी पाणी पिणारी झाडं लावावीत. फक्त ती झाडं अमेरिकेतली होती. तिकडूनच आलेल्या वेड्या बाभळीला इथे ‘सीमै करुवेलम्’ म्हणतात. सीमै म्हणजे परमुलूख. तिने आमच्या बाजूच्या पडीक जमिनीचा ताबा घेतलाच आहे.

मी त्यांना विचारलं, “पालै हे झाड तुम्ही पाहिलंय का?”

“अम्मा, ते शाळेत पाठ केलंय,” ते हसून म्हणाले.

हे झाड नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी काळा कुडा म्हणतात, कोणी खिरणी. काळा कुडा उन्हाळ्यात पानं गाळतो. खिरणी, जिला आपण रांजणही म्हणतो, कोरोमंडल किनाऱ्याच्या कोरड्या सदाहरित रानातली. जाड, चिवट पानांची आणि दाट सावलीची. एका परंपरेनुसार पालै म्हणजे दुष्काळातही न वाळणारं झाड. मी खिरणीच्या बाजूची आहे. त्या उजाड भूमीला तिथे हिरव्या राहिलेल्या झाडाचं नाव दिलं गेलं, हे मला पटतं. ‘वाळवंट’ या शब्दात ते कुठेच येत नाही.

मग आम्ही घराकडे झाडासारखं पाहू लागलो. खिरणी फार उंच जात नाही. पसरते आणि खाली सावली धरते. घराचं छप्परही बुटकं, चारी बाजूंनी उतरतं आणि कौलारू ठरलं, वळचणी खोल. पश्चिमेची काच गेली. तिथे अठरा इंची भिंत आली, चुन्याच्या गिलाव्याची. मधला चौक, इथला मुट्रम्, परत आला. छपरावरचं पाणी त्यात पडून विहिरीत जातं. वासे ताडाचे, जुन्या घरांत असत तसे. खडीच्या जागी खिरणीची दोन रोपं लागली. ती फार सावकाश वाढतात. वास्तुकारांनी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग आजच लावा.” त्यांना माडही हवे होते. दोन लावले, घरापासून लांब.

एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. ओटा रस्त्याच्या बाजूलाच हवा, कुंपणाच्या आत नको. आम्ही सुरक्षिततेचं सांगून पाहिलं. त्यांनी गावातल्या छत्राकडे बोट दाखवलं.

ओरत्तनाडूचं दुसरं नाव मुक्तांबाळपुरम्. दुसऱ्या सरफोजींनी आपल्या दिवंगत प्रिय मुक्तांबाळच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे छत्र बांधलं, रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी. तंजावरच्या छत्रांविषयी सरफोजींनी 1801 साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं होतं. त्यात आल्यागेल्या सर्व जातींच्या माणसांना अन्न आणि आजाऱ्यांना औषध मिळतं, असं त्यांनी कळवलं होतं. मागे राहिलेल्या माणसाने वाटेवरच्या माणसांसाठी बांधलेली ही वास्तू. पालैचं याहून चांगलं भाषांतर मला कागदावर जमलेलं नाही.

आपल्याकडे हालाच्या ‘गाथासप्तशती’तही दूरदेशी गेलेले नवरे आहेत, वाट पाहणाऱ्या बायका आहेत. महाराष्ट्री प्राकृत आणि संगमकाव्य यांचं नातं जॉर्ज हार्ट यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात मांडलं. पण त्या वाट पाहण्याला झाडाचं नाव द्यायचं आपल्याला सुचलं नाही, म्हणून माझ्या अनुवादात ‘पालै’ हा शब्द आता जसाच्या तसा राहील.

ओटा रस्त्याकडेच झाला. सासूबाई दुपारी तिथे बसत नाहीत, ऊन फार असतं. पण पाण्याची कळशी आणि उपडा पेला त्या बाहेर ठेवतात, आणि संध्याकाळी कळशीत किती पाणी उरलं ते फोनवर दिरांना सांगतात.