दहा बाय दहा

आमच्या बँकेत बदलीचे नियम छापील आहेत, पण त्यांचा खरा अर्थ अनुभवानेच कळतो. कारकुनाने घर घ्यायचं मनात आणलं, की त्याची बदली होते. मी चंद्रपुरात तुकूमच्या बाजूला तीन खोल्यांचा एक फ्लॅट बघून आलो, हिने स्वयंपाकाच्या ओट्याची उंची मनातल्या मनात ठरवून टाकली, आणि पंधरा दिवसांत माझी धानोऱ्याची ऑर्डर निघाली.

धानोरा म्हणजे गडचिरोलीच्याही पुढे. चंद्रपूरहून एस.टी.त बसलं की मूल येतं, सावली येते (हे गावाचं नाव आहे, मे महिन्यात त्या नावाचासुद्धा आधार वाटतो), वैनगंगेचा पूल येतो, गडचिरोली येते, आणि तिथे गाडी बदलून पुन्हा जंगलात शिरायचं. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा निघाला. त्याआधी हे सगळं चंद्रपुरातच होतं. आमच्या आईच्या हिशेबी ते अजून तिथेच आहे. "जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तर बदली," असं म्हणून तिने माझी समजूत काढली आणि लोणच्याची बरणी पिशवीत घातली.

धानोऱ्यात मला एका निवृत्त गुरुजींच्या घरामागची खोली मिळाली. दहा बाय दहा. एक दार, एक खिडकी, भिंतीत एक फडताळ आणि तीन खुंट्या. न्हाणी अंगणापलीकडे. सामान लावायला मी रविवार राखून ठेवला होता. सकाळी आठला सुरुवात केली, सव्वाआठला संपलं. उरलेला रविवार मी कॉटवर बसून त्या खोलीकडे बघत काढला.

आणि काय सांगू, मला ती खोली आवडायला लागली.

चंद्रपुरात आम्ही जटपुरा गेटच्या आत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. आई, मी, ही, अकरावीतली कन्या आणि सहावीतले चिरंजीव. तिथे माझा चष्मा रोज सकाळी हरवतो. धानोऱ्यात तो हरवूच शकत नाही, कारण हरवायलासुद्धा जागा लागते. कॉटवर बसून उजवा हात लांब केला की चहाचं आधण, डावा केला की पंख्याचं बटण, पाय लांब केला की दार. झाडायला दीड मिनिट. चंद्रपुरात आमची कन्या न्हाणीघरात नळ सोडून अर्धा-अर्धा तास बसते आणि खाली उतरून टाकीचा पंप चालू करायची पाळी माझ्यावर येते. इथे एक बादली, एक तांब्या, हिशेब पूर्ण. मी बी. कॉम. आहे. हिशेब पूर्ण झाला की मला झोप चांगली लागते.

दोन महिन्यांत मी लहान घरांचा प्रचारकच झालो. त्यात पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर एक फिल्म पाठवली. अमेरिकेतलं एक जोडपं चाकांवरच्या लाकडी घरात राहतं, जिन्याच्या पायऱ्यांत कपडे ठेवतं, जेवायचं टेबल भिंतीत दुमडतं. मला फार कौतुक वाटलं. मग आठवलं, की आपल्याकडे चार जणांचा संसार डब्यात बसवून भिंतीत दुमडायची कला आगगाडीच्या दुसऱ्या वर्गात प्रत्येकालाच येते, फक्त तिची कोणी फिल्म काढली नाही. तिकडचा थोरो १८४५ साली तळ्याकाठी दहा बाय पंधराच्या खोपटात राहायला गेला. खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. अर्धा सेंटही सोडला नाही, हे वाचून तो मला आमच्याच खात्यातला वाटला. पण पुढे असंही वाचलं, की जमीन मित्राची होती आणि अधूनमधून तो गावात आईच्या घरी जेवायला जायचा. शिवाय सव्वादोन वर्षांत परतला. आपलं सेवाग्राम तर हाकेवर आहे. विदर्भातल्या प्रत्येक शाळेची सहल बापूकुटीत जाते. प्रत्येक जण तिथून बाहेर पडताना "किती शांत वाटतं नाही!" म्हणतो आणि गाडीत खिडकीच्या जागेसाठी भांडतो.

मुंबईचं एक उदाहरण मात्र मी सोयीस्करपणे बाजूला ठेवलं. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्यान् पिढ्या लोक राहिले. पुनर्विकासात त्यांना पाचशे चौरस फुटांची घरं द्यायचं ठरलं, तेव्हा चाळीचा जिव्हाळा जाणार म्हणून पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. हळहळणाऱ्यांपैकी किती जण त्या वेळी एकशे साठ फुटांत बसले होते, याची चौकशी कोणी केली नाही. मीही नाही.

माझ्या काउंटरवर लहान घर रोज यायचं. धानोऱ्याच्या शाखेत घरकुलाचे हप्ते बघायला येणाऱ्यांची रांग असते. २०१६ पासूनच्या योजनेत घरकुलाचं माप कमीत कमी पंचवीस चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, चुलीची जागा धरून. आधीच्या इंदिरा आवासमध्ये वीस मीटरच होतं. डोंगराळ आणि दुर्गम भागाला १ लाख ३० हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. पायाचा फोटो निघाला की एक, भिंती चढल्या की पुढचा.

या रांगेत एक आजीबाई नेहमी असायच्या. एकदा मी पासबुक भरून देताना विचारलं, "झालं का घर, आजी?"

"झाला जी बाबू. छत पडला."

"मग राहायला गेलात की नाही?"

"नाही जी. त्यात धान ठेवून आहे."

"आणि तुम्ही?"

"मी जुन्याच घरात. नव्या घरात गरमते नं, बाप्पा!"

मला वाटलं, आजी थट्टा करतायत. एका रविवारी सायकल काढून त्यांच्या गावी गेलो. खरोखरच सिमेंटच्या नव्या घरकुलात पोती रचलेली होती आणि दाराला कुलूप होतं. शेजारी कवेलूचं जुनं मातीचं घर, आत वाकून जावं लागेल असं. पण आत जातंय कोण? आजी सपरीत बसून मोहफुलं निवडत होत्या, सून मागच्या सांदवाडीत वाल तोडत होती, पोरं आंब्याखाली, कोंबड्या सगळीकडे, आणि आजोबांची खाट अंगणात. घराच्या आत मला फक्त एक मांजर दिसलं. आमच्या भागात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जातो. तेव्हा त्या सिमेंटच्या छताखाली धानच राहू जाणे.

परतताना लेखा-मेंढा लागलं. या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी हे एक. २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. आता, कर्जाच्या टेबलावर मी सात वर्षं काढली आहेत. त्यामुळे कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप हे तीन शब्द मी झोपेतही बरळतो. रेराचा कायदा येईपर्यंत शहरात नऊशे फुटांचा फ्लॅट घेतला, की त्यात जिना, लिफ्ट आणि वॉचमनच्या स्टुलाखालची जागाही आपलीच असायची. पाय ठेवायला मिळायची सहाशे. इथे उलटं. कार्पेट दोनशे-अडीचशे फूट, आणि सुपर बिल्ट-अप अठराशे हेक्टर! मी मोबाइलवर गुणाकार केला. एकोणीस कोटी सदतीस लाख चौरस फूट, मोहाच्या झाडांसकट. मला आनंदाने सायकलवरून खाली उतरावं लागलं.

खोलीवर येऊन मी हिला फोन लावला. म्हटलं, "मोठं घर हा एक भ्रम आहे. आपण तीन खोल्यांचा फ्लॅट सोडू, दोन खोल्यांचा घेऊ. हप्ता निम्म्यावर येईल. साठाव्या वर्षापर्यंत कर्ज फेडत बसायला नको."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"दिवाळीत आम्ही तिकडे येतोय," ती म्हणाली. "तेव्हा बोलू."

दिवाळीत आई मामाकडे गेली आणि बाकीचे तिघे धानोऱ्याला आले. चार माणसं, चार पिशव्या, फराळाचे डबे, दहा बाय दहा. पहिला दिवस बहारीचा गेला. चिरंजीव कॉटखाली झोपायला मिळालं म्हणून खूश. स्टोव्हवरून थेट ताटात पोळी. रात्री दिवा घालवल्यावर चौघांनी अंधारात गप्पा मारल्या. अशा गप्पा आम्ही कितीतरी वर्षांत मारल्या नव्हत्या. मी मनात जमेच्या बाजूला मोठा आकडा मांडला.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला जाग आली. बँकेच्या सवयीने डोकी मोजली. एक कमी भरत होतं.

दार लोटलेलं होतं. कन्या बाहेर पायरीवर आईची शाल पांघरून, गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा. तुम्ही झोपा."

"थंडी किती आहे. आत ये."

"आत कुठे येऊ?" ती म्हणाली. रागाने नाही, नुसतीच चौकशी केल्यासारखी. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला जरा रडायचं होतं. आत सगळे आहात."

काय विचारावं ते मला सुचलं नाही. म्हणून भलतंच विचारलं, "मग चंद्रपुरात काय करतेस?"

"बाथरूममध्ये जाते. नळ सोडते."

त्या नळावरून मी तिला वर्षभर बोलत होतो. पाण्याची टंचाई, विजेचं बिल, पंप जळेल, सगळं. आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो आणि मग आत गेलो. दार लोटून घेतलं. ते तेवढं करायला मला बराच वेळ लागला.

सकाळी हिला सांगितलं. तिला ठाऊक होतं. या घरातल्या सगळ्या गोष्टी मला शेवटी कळतात, ही प्रथाच आहे. चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अहो, ही खोली लहान आहे म्हणून नाही तुम्हाला बरी वाटत. तीत आम्ही नसतो म्हणून बरी वाटते."

बावीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक ऑडिट पाहिली. इतकं थोडक्यात कोणी केलं नव्हतं.

दुपारी गुरुजींकडे फराळाला गेलो तेव्हा विषय निघाला गोटुलाचा. तरुण पोरापोरींनी संध्याकाळी जमण्यासाठी गोंड-माडिया गावांत जे वेगळं घर असतं ते गोटूल. पाहुणा आला तर त्याच्या उतरायची सोयही तिथेच व्हायची. गुरुजींनी त्यातले गाणी, नाच, शिस्त असं पुष्कळ सांगितलं. माझं लक्ष निम्मं होतं. घरं लहान ठेवणाऱ्या या लोकांनीसुद्धा पोरांना एक वेगळं छप्पर दिलं होतं, आणि मी बी. कॉम. होऊन पोरीला नळाचे पैसे लावत होतो.

दिवाळीनंतर कर्जाचा अर्ज भरला. तीन खोल्या, ६२० कार्पेट. त्यातली तिसरी खोली नऊ बाय दहा आहे, म्हणजे माझ्या धानोऱ्याच्या खोलीहून दहा फूट कमीच. शेवटचा हप्ता आणि माझा निरोपसमारंभ एकाच महिन्यात येतो. बिल्डरला फोन करून विचारलं, की तिसऱ्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे ना. तो म्हणाला, "साहेब, लोक बाल्कनीचं विचारतात. कडीचं तुम्हीच पहिले." आईने बाल्कनीत खाट मावते का, तेवढं पाहून यायला सांगितलं आहे.

परवा आजीबाई काउंटरवर आल्या. पासबुक देताना मीच सांगितलं, "आजी, मीही घर घेतोय."

"हो का जी? केवढं आहे?"

"तीन खोल्या. सहाशे वीस फूट. तुमच्या घरकुलाच्या दुपटीहून जास्त."

आजींनी मान हलवून कौतुक केलं. पासबुक पदरात गुंडाळलं. मग जरा काळजीने विचारलं,

"मंग बाबू, धान कुठं ठेवाल?"