डंजनची पुस्तिका कशी पारखावी

मालवण



'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळासाठी छापलेल्या साहसपुस्तिकेत मुख्यतः एका जागेचे, म्हणजे 'डंजन'चे, वर्णन असते. भुयारे, दारे, जिने, त्यांत राहणारे जीव, लपवलेले धन आणि सापळे एवढा ऐवज पुस्तिका पुरवते. गोष्ट मात्र टेबलाभोवती बसलेले खेळाडू आणि खेळ चालवणारा डंजन मास्टर मिळून घडवतात. त्यामुळे अशा पुस्तिकेची पारख कादंबरीसारखी करता येत नाही. खलनायक किती भयंकर, भाषा किती चित्रमय, या गोष्टी दुय्यम ठरतात. पहिला प्रश्न असा, की या जागेत शिरलेल्या खेळाडूला खरे निर्णय घ्यावे लागतात का, आणि त्या निर्णयांनी पुढचे काही बदलते का?

निर्णय घ्यायला लावणारी जागा कशी असते, हे सिंधुदुर्ग किल्ल्यावरून नीट कळते. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी पायाभरणी झालेल्या या किल्ल्याचा तट मालवणच्या जेटीवरून स्पष्ट दिसतो, पण दरवाजा दिसत नाही. तो बुरुजांच्या वळणाआड दडवलेला आहे. होडी अगदी जवळ गेल्याशिवाय वाट कुठून आहे हे उमगत नाही. भोवती पाण्याखालचे खडक, आणि त्यांतून होडी न्यायची तर जाणता तांडेलच हवा. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी असल्याने, खाऱ्या पाण्यात उभा असूनही हा किल्ला तहानेने शरण येणारा नव्हता. शेजारी पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट. एकावर चाल केली की दुसऱ्याला कळणारच. जहाज कुठे उभे करायचे, वाटाड्या कोण मिळवायचा, आधी कोणते ठाणे घ्यायचे, हे चाल करणाऱ्याला पहिली तोफ डागण्याआधीच ठरवावे लागे. चांगल्या साहसपुस्तिकेत हीच घडण शोधायची असते. आत किती राक्षस आहेत हा हिशेब त्यानंतरचा.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीचे डंजन मास्टर चौकटींच्या कागदावर आपापली भुयारे स्वतःच आखत. छापील पुस्तिकांचा ओघ त्यानंतर सुरू झाला. त्यांतली गायगॅक्सचीच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही पुस्तिका 1979 च्या अखेरीपासून नवशिक्यांच्या बेसिक सेटच्या खोक्यात मिळू लागली. पारख शिकायला तिच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही, कारण तिचे गुण आणि उणिवा दोन्ही ठळक आहेत.

पुस्तिकेत एकीकडे सरहद्दीवरचे तटबंदीचे ठाणे आहे आणि दुसरीकडे 'केव्ह्ज ऑफ केऑस' नावाची घळ. घळीच्या उतारांवर अकरा गुहांची तोंडे आहेत, आणि त्यांत निरनिराळ्या काल्पनिक राक्षसजमाती राहतात. घळीत पाऊल टाकताच जवळ कोबोल्ड, पुढे ऑर्कांच्या दोन टोळ्या, गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, नोल, आणि दूर टोकाला दुष्ट पंथाचे मंदिर. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, कॅरेक्टरांनी (खेळाडूंच्या पात्रांनी) कुठून शिरावे हे पुस्तिका सांगत नाही. ते खेळाडूंनी ठरवायचे, आणि चुकीचे तोंड निवडले तर पळ काढण्याची अक्कलही त्यांनीच दाखवायची. घळीचा नकाशा पाहून ही मोकळीक लगेच लक्षात येते.

याहून मोलाचा भाग रहिवाशांच्या आपसातल्या संबंधांचा आहे. ऑर्कांच्या दोन गुहा चोरवाटेने जोडलेल्या आहेत. गॉब्लिनांवर हल्ला झाला की ते शेजारच्या ओगर या धिप्पाड राक्षसाकडे सोन्याची थैली टाकून त्याला मदतीला बोलावतात. ओगर पैशाला वश होतो हे खेळाडूंच्या ध्यानात आले, तर तोच मार्ग त्यांनाही सुचतो. हॉबगॉब्लिनांच्या कैदेत एक व्यापारी आणि त्याची बायको आहेत. त्यांची सुटका केली तर ठाण्यात खेळाडूंचे नाव होते. मंदिरात साखळदंडाने बांधलेली मेडूसा नावाची राक्षसीण सौदा करू पाहते. टोळ्या एकमेकींशी लढू शकतात, एकजूटही करू शकतात, हे गायगॅक्सने स्पष्ट लिहिले आहे. अशा जागेत तलवार हा अनेक उपायांपैकी एक उपाय उरतो, आणि या पुस्तिकेचे खरे मोठेपण इथेच आहे. प्रत्येक खोलीत एक प्राणी, तो मेला की पुढची खोली, अशा पुस्तिका बाजारात पुष्कळ आहेत. त्या तासाभरात कंटाळा आणतात.

दुसरी कसोटी धोक्याच्या आधी मिळणाऱ्या माहितीची. सापळा कितीही क्रूर असला तरी चालतो, पण डोळस खेळाडूला त्याचा सुगावा लागायला हवा. गायगॅक्सचीच 'टूम ऑफ हॉरर्स' इथे आठवते. ही 1975 मध्ये 'ओरिजिन्स' संमेलनातल्या स्पर्धेसाठी वापरली गेली आणि 1978 मध्ये छापली गेली. तिच्या तीन प्रवेशमार्गांपैकी दोन खोटे आहेत, आणि भिंतीवरच्या हिरव्या राक्षसमुखात शिरणारा कायमचा नाहीसा होतो. सुगावे आहेत, पण कोड्यांत गुंडाळलेले, आणि चुकीला क्षमा जवळजवळ नाही. खेळाडूंना दाखवण्यासाठी जोडलेल्या चित्रांची पुरवणी मात्र उत्तम आहे. दहा ओळींच्या वर्णनाचे काम एक चित्र करते. स्पर्धेसाठी ही पुस्तिका रास्त. महिनोन्‌महिने जपलेली कॅरेक्टरे घेऊन येणाऱ्या मंडळासाठी ती अन्यायाची आहे.

वाटांच्या बाबतीत जेनेल जेक्वेझ यांची 1979 ची 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' सर्वांत सरस मानावी लागते. तिथले मजले एकाहून अधिक जिन्यांनी आणि विवरांनी जोडलेले आहेत, वाटा फिरून पुन्हा पहिल्या जागी येतात, आणि वरून शिरलेला गट अनपेक्षितपणे खोल मजल्यावर उतरू शकतो. नकाशावर बोट ठेवून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायच्या किती वाटा आहेत हे पाहणे, ही पारखण्याची सोपी आणि भरवशाची पद्धत आहे. एकच वाट निघाली, तर निर्णयाला जागाच नाही.

तिसरी बाजू लेखनाची. पुस्तिका खेळ चालू असताना, चार माणसे उत्तराची वाट पाहत असताना वाचायची असते. खोलीत शिरताच काय दिसते, काय ऐकू येते, कोण आहे, हे पहिल्या दोन ओळींत हवे, पूर्वेतिहास नंतर. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दशावतारी नाटकाची रीत इथे उपयोगी पडते. जत्रेतल्या रात्रीच्या खेळाला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते, कोणत्या पात्राला काय हवे, प्रसंगांचा क्रम काय, एवढे ठरते, आणि संवाद नट रंगमंचावर स्वतः रचतात. साहसपुस्तिकेनेही डंजन मास्टरला इतकेच द्यावे. पानभर तयार भाषणे छापणारा लेखक टेबलावरच्या माणसांचे काम हिरावून घेतो.

'कीप' या कसोटीवर अर्धी उतरते. भाषणे नाहीत, हे चांगले. पण परिच्छेद दाट आहेत आणि महत्त्वाची बाब अनेकदा मजकुराच्या पोटात सापडते. ठाण्यातल्या माणसांना हुद्दे आहेत, नावे नाहीत. गुहांमध्ये टोळ्यांच्या बायका-पोरांची संख्या दिली आहे. लढणारे मेल्यावर त्यांचे काय करायचे, या प्रश्नावर पुस्तिका गप्प आहे. सोळा-सतरा वर्षांची मुले हा खेळ खेळतात, तेव्हा ही उणीव लहान नाही. डंजन मास्टरने त्याचा विचार आधी करून ठेवायला हवा.

आणखी एक गोष्ट जमेला धरावी. याच पुस्तिकेतली 'केव्ह्ज ऑफ द अननोन' ही जागा गायगॅक्सने मुद्दाम रिकामी सोडली आहे, डंजन मास्टरने स्वतः भरावी म्हणून. कोकणातल्या मुलांनी तिथे परक्या देशातला किल्ला आखण्याची गरज नाही. विजयदुर्ग किल्ल्याचे तिहेरी तट पायी फिरून पाहिले, तर शत्रू एका तटाच्या आत शिरला तरी दुसऱ्याखाली कसा अडकतो, हे कागदावर आणायला पुरेसे साहित्य मिळते.

पुस्तिका नुसती वाचून दिलेला निकाल कच्चा असतो. वाचताना रुक्ष वाटलेली खोली खेळताना दोन तास रंगते, आणि वाचताना रोमांचक वाटलेला प्रसंग खेळाडू वळसा घालून टाळतात. म्हणून निदान एक बैठक चालवल्यावरच बरे-वाईट ठरवावे.

एकंदर निकाल असा: 'कीप'चा नकाशा आणि रहिवासी उत्तम, मजकुराची मांडणी मध्यम, ठाणे कच्चे. नव्या मंडळाने 'टूम'च्या नादी न लागता हीच पुस्तिका घ्यावी, ठाण्यातल्या माणसांना नावे द्यावीत, आणि पहिल्या बैठकीत कोणत्या गुहेत शिरायचे हे खेळाडूंवर सोडावे.