अब्बांचं गिरमिट

अब्बा मंद्रूपला सुतारकाम करायचे. लहानपणी मी फळीला भोक पाडायला बसलो की म्हणायचे, "शेवटाला जोर सोड, नाहीतर पलीकडून फळी फाटेल."

गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पडून त्यांच्या नडगीचं हाड मोडलं. सोलापुरात ऑपरेशन झालं. भूल कमरेखाली दिलेली, त्यामुळे अब्बा जागे. मी बाहेर बसून दुआ मागत होतो, आत ते ड्रिलचा आवाज ऐकत होते.

रात्री म्हणाले, "डॉक्टरचा हात चांगला आहे. शेवटाला जोर सोडतो."

सकाळी डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते थांबून समजावू लागले. हाड नळीसारखं. अलीकडे कठीण भिंत, मध्ये पोकळी, पलीकडे पुन्हा भिंत. ती ओलांडली की विरोध एकदम संपतो. हात सावध नसेल तर ड्रिल मागच्या रक्तवाहिनीत, नसेत घुसतं. पण फार हलका दाबही वाईट. टोक नुसतं घासत राहतं, हाड तापतं. स्वीडनच्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ साली सशांवर प्रयोग करून दाखवलं, की ४७ अंशांवर एक मिनिटसुद्धा हाडाला इजा करायला पुरतं. मेलेल्या हाडात स्क्रू टिकत नाही. म्हणून टोक धारदार हवं आणि वरून सलाइनची धार.

अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "बोथट गिरमिटानं लाकूडही काळं पडतं."

आता ते खुर्चीवर बसून नमाज पढतात. भेटायला आलेल्यांना एक्स-रे दाखवतात: "बघा, एकही स्क्रू तिरका नाही."