या आठवड्याची शिफारस : वाचा, ऐका, पाहा आणि मग प्रश्न विचारा

'शिफारस' हा शब्द आमच्या घरात आला तो नोकरीच्या निमित्ताने. अमक्याची शिफारस होती म्हणून त्याचं काम झालं, असं वडील घरी येऊन सांगायचे. आमच्यासाठी चिठ्ठी देणारं कुणी नव्हतं. त्यामुळे 'हे वाचा, हे ऐका, हे पाहा' असं दुसऱ्याला सांगणं ही आमच्या लेखी केवळ आवडीनिवडीची बाब नाही. ज्यांच्यापासून अक्षर दूर ठेवलं गेलं, त्यांच्यासाठी कुणीतरी चिठ्ठी देणं आहे ते. आणि चिठ्ठी देणाऱ्यावर जबाबदारी येते.

ही जबाबदारी आम्ही पाळली का? प्रामाणिकपणे सांगतो, पाळली नाही.

दर रविवारी वंदना झाल्यावर वस्तीतल्या विहाराच्या फळ्यावर आम्ही तीन ओळी लिहितो : एक वाचायचं, एक ऐकायचं, एक पाहायचं. एका रविवारी बाबासाहेबांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चा मराठी अनुवाद फळ्यावर लिहिला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 साली तयार केलेलं हे भाषण. मंडळाला त्यातले विचार झेपेनात, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने त्याच्या 1500 प्रती छापल्या. दोन महिन्यांत त्या संपल्या. एवढं सगळं आम्ही छाती फुगवून सांगितलं.

पुढच्या रविवारी अकरावीतली एक मुलगी आली. म्हणाली, "काका, जात मोडायचा उपाय म्हणून बाबासाहेब शेवटी काय सांगतात?" आम्ही लगेच म्हणालो, "आंतरजातीय विवाह." ती म्हणाली, "ते सांगतातच. पण पुढे विचारतात की लोक तशी लग्नं का करत नाहीत? कारण शास्त्रं त्यांना पवित्र वाटतात. म्हणून आधी शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास मोडा, असं म्हणतात. तुम्ही पुढचं वाचलं नाही का?"

वाचलं नव्हतं. निम्म्यावर सोडलेलं पुस्तक, व्याख्यानांत ऐकलेल्या चार वाक्यांच्या भरवशावर, आम्ही दुसऱ्याला वाचायला सांगितलं होतं. वाचकहो, पोथी न वाचता तिच्यापुढे हात जोडणाऱ्याला आपण नावं ठेवतो. मग बाबासाहेबांचे खंड कपाटात मांडून, जयंतीला पुसून, पुन्हा जागेवर ठेवणारे आपण त्याच्याहून वेगळे कसे? त्या दिवसापासून एक नियम केला : शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय फळ्यावर नाव लिहायचं नाही. त्यामुळे काही रविवारी फळा कोरा राहतो. राहू द्या.

दुसरी चूक आत्याने दाखवली. आत्या शाळेत गेली नाही. एकदा फळ्याकडे बघून म्हणाली, "त्या फळ्यावर माझ्यासाठी काय हाय?" आम्ही तीनपैकी तिन्ही ओळी वाचता येणाऱ्यांसाठीच लिहीत होतो. ऐकायचं म्हणून जे लिहायचो, तीही शिकलेल्यांची व्याख्यानंच. आपली चळवळ गावोगाव पोचवली ती गायकांनी, जलशांनी. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली तीच मुळी मोठेपणी. हे माहीत असूनही आम्ही विसरलो.

आता या आठवड्याच्या तीन ओळी.

वाचा : बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', 1986. फलटणच्या किराणा दुकानात बसून पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचणाऱ्या बाईने, घरच्यांपासून लपवून ठेवलेल्या वह्यांत हे लिहिलं. सवर्णांनी केलेला छळ यात आहेच. पण आपल्याच घरात सुनेला झालेली मारहाणही आहे, आणि शिकून वर गेल्यावर वस्ती विसरणाऱ्यांचा हिशेबही आहे. हे पुस्तक भाषणात उल्लेख करायला सोयीचं नाही, म्हणूनच पूर्ण वाचा. घरात वाचता न येणारं माणूस असेल तर मोठ्याने वाचा.

ऐका : बाबासाहेबांनी 1955 साली बीबीसीला दिलेली मुलाखत. विषय मुख्यतः गांधींचा, भाषा इंग्रजी. आम्ही ती आत्याला मोबाइलवर ऐकवली आणि थांबवत थांबवत मराठीत सांगितली. जन्मभर बाबासाहेबांची गाणी म्हणणाऱ्या आत्याने त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. अर्थाकडे तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, "दमल्यात रं ते." पुढच्याच वर्षी बाबासाहेब गेले. इंग्रजी समजणारे आम्ही ही मुलाखत पुष्कळदा ऐकली होती, मुद्दे टिपले होते. आवाजातला थकवा मात्र आमच्या कानांना कधी ऐकू आला नव्हता.

पाहा : आनंद पटवर्धन यांचा माहितीपट 'जय भीम कॉम्रेड', 2011. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. तिथून पुढे चौदा वर्षं हा कॅमेरा वस्त्यांतून, जलशांतून, न्यायालयांतून फिरला. लांबी सुमारे तीन तास. एका बैठकीत जमलं नाही तर दोन रविवार घ्या, पण एकट्याने पाहू नका. त्यातली गाणी तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असतील. त्यांना शेजारी बसवा.

काही मित्र म्हणतात, याद्या करून क्रांती होते का? होत नाही. पण 'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंत बाबासाहेबांनी पुन्हा पुन्हा नियतकालिकं का काढली, याचा विचार त्यांनी करावा. पैसा नव्हता, अंक बंद पडत होते, तरी काढली. विचार माणसापर्यंत नेऊन पोचवावा लागतो.

एक सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी फळ्यावर लिहायला आम्ही खडू घेतला, तेव्हा त्या अकरावीतल्या मुलीने तो मागून घेतला. वरच्या तीन ओळी तिच्याच अक्षरात आहेत. 'जिणं आमुचं' तिने सुचवलं. ते आम्ही आधी शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मगच होकार दिला.

जय भीम!